सौम्य स्टिरॉइड मलम लावताना या चुका टाळा

ट्यूबवरचा टक्का बघून स्टिरॉइड मलमाची (खाज-लाली दाबणाऱ्या औषधाची) ताकद ठरवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड सौम्य असतं. 0.05 टक्के क्लोबेटासोल आकड्याने त्याच्या विसाव्या भागाएवढं, पण जोर शेकडो पटींनी जास्त! बीटामेथासोन, मोमेटासोनही जोरदारच. म्हणून आकडा नाही, औषधाचं नाव वाचा. बारीक अक्षरांत स्टिरॉइडसोबत नियोमायसिन (प्रतिजैविक), मायकोनाझोल (बुरशीनाशक) अशी दोन-तीन नावं दिसली तर ते मिश्र मलम आहे. मेडिकलवाल्याने ‘खाजेवर चांगलं आहे’ म्हणून दिलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका.

असं मलम नायट्यावर, म्हणजे त्वचेच्या बुरशीवर गेलं की खरा घोळ होतो. पावसाळ्यात जांघेत किंवा नाडी घट्ट बसते तिथे कमरेवर गोल चट्टा येतो. कड लाल, किंचित उठलेली आणि खवलेदार. मधला भाग मात्र साफ होत जाणारा. स्टिरॉइडने खाज आणि लाली दोन दिवसांत उतरते, पण बुरशी मरत नाही. उलट त्वचेचा प्रतिकार दबल्यामुळे ती मोकळेपणी पसरते. मलम थांबवलं की चट्टा परत येतो, मोठा होऊन, आणि कड इतकी पुसट झालेली असते की डॉक्टरांनाही तो चटकन ओळखता येत नाही. गोल कडेचा चट्टा दिसला तर सौम्य स्टिरॉइडही नको.

साबण, डिटर्जंट, दागिन्यातलं निकेल किंवा किडा चावल्याने त्वचा चिडली असेल, तर मात्र 1 टक्का हायड्रोकॉर्टिसोन उपयोगी पडतं. प्रमाण बोटावर मोजा: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत मलमाची एक रेघ, म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. भीतीपोटी मुगाएवढा ठिपका मोठ्या चट्ट्यावर फासला तर गुण येत नाही आणि दिवस मात्र वाढत जातात. दिवसातून एकदा, फार तर दोनदा, फक्त चिडलेल्या जागेवर हलक्या हाताने लावा आणि हात धुवा (हातावरच लावलं असेल तर अर्थातच नाही). मॉइश्चरायझर आणि स्टिरॉइड पाठोपाठ लावू नका, मध्ये अर्धा तास जाऊ द्या. नाहीतर औषध पातळ होतं आणि भलतीकडे पसरतं.

चेहरा, पापण्या, जांघ, काख इथली त्वचा पातळ असते, औषध पटकन आत शिरतं. वरून प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी बांधली तर आणखी जास्त; बाळाचा डायपरही तेच काम करतो. या जागांवर आणि लहान मुलांना डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय लावू नका. गोरं होण्यासाठी तर कधीच नाही: आधी चेहरा उजळ दिसतो, मग लालसरपणा, मुरमं, बारीक रक्तवाहिन्या आणि नको तिथे लव.

सात दिवसांत फरक पडला नाही, पू आला किंवा चट्टा पसरला, तर दुसरी ट्यूब आणू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. जोरदार मलम कित्येक आठवडे चाललं असेल तर मनाने एकदम बंद करू नका. आग आणि लाली उसळते, ते कसं कमी करायचं हे डॉक्टर ठरवतील. जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूब न्या, संपून चपट्या झालेल्यासुद्धा.