मोठ्या संस्थेचं मोबाइल अॅप: गुंता वाढवणाऱ्या या चुका टाळा

दूध संघ असो, साखर कारखाना असो की कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली फाउंड्री, अॅपचा विषय निघाला की पहिल्याच बैठकीत मागण्यांची यादी पानभर होते. दूध संकलनाला वेगळं अॅप हवं, शेती खात्याला वेगळं, स्टोअरला वेगळं. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधीच गुंता तयार!

खात्यागणिक अॅप

चार अॅप म्हणजे चार लॉगिन, चार वेळा टेस्टिंग आणि दरवर्षी चार ठिकाणी दुरुस्ती. त्यापेक्षा अॅप एक, लॉगिन एक, आणि ज्याचं जे काम तेवढेच स्क्रीन त्याला दिसू द्यावेत. मात्र एकच अॅप म्हणून अख्खी ईआरपी (संस्थेचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) त्यात कोंबू नका. कसोटी सोपी आहे: हे काम माणूस उभ्या उभ्या, एका हातानं, दोन मिनिटांत उरकेल का? उसाच्या फडात स्लिप भरणं, फाउंड्रीत हीट नंबर (ओतलेल्या घाण्याचा क्रमांक) टाकून नापास माल नोंदवणं या कसोटीला उतरतं. दरपत्रक बदलणं किंवा महिन्याचा ताळा जुळवणं टेबलावरच्या संगणकालाच राहू द्या. यादीतले निम्मे मुद्दे इथंच गळतात.

अॅप कशात लिहायचं, फ्लटर, रिअॅक्ट नेटिव्ह की थेट कोटलिन, या वादात बैठका जातात. तुमच्याकडच्या ब्लूटूथ प्रिंटरचं आणि वजनकाट्याचं जोडणी-सॉफ्टवेअर ज्यात चालतं ते घ्या. ते आधी तपासलं नाही, तर बाकी तुलना व्यर्थ.

अॅप थेट ईआरपीच्या डेटाबेसला जोडणं

काम लवकर होतं म्हणून हा मोह होतो. पण मग डेटाबेसचा पासवर्ड प्रत्येक फोनमधल्या अॅपच्या फाइलमध्ये जातो, आणि ती फाइल उघडून बघणं अवघड नसतं. शिवाय ईआरपीवाल्यानं एखाद्या रकान्याचं नाव बदललं की सगळे फोन एकदम बंद. मध्ये एपीआयचा, म्हणजे अॅपची मागणी घेऊन ईआरपीकडून उत्तर आणणाऱ्या प्रोग्रामचा, पातळ थर ठेवा. नवी आवृत्ती आली तरी जुनी काही महिने चालू ठेवा, कारण सगळ्यांचे फोन एका रात्रीत अपडेट होत नाहीत.

रेंज आहेच असं धरून चालणं

ऑफिसात वायफायवर अॅप पळतं. गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याच्या डोंगराळ भागात गेलं की खरी परीक्षा. चिटबॉय (फडात उसाची नोंद ठेवणारा कारखान्याचा माणूस) स्लिप भरून ‘पाठवा’ दाबतो, चक्र फिरत राहतं, तो पुन्हा दाबतो. संध्याकाळी एकाच ट्रॉलीच्या दोन नोंदी दिसतात आणि सगळे म्हणतात, पोरानं चूक केली. चूक त्याची नसते. पहिली नोंद सर्व्हरवर पोचलेली असते, तिची पोच परत येताना वाटेत हरवलेली असते.

फॉर्म उघडताच फोनवरच त्या नोंदीला एक युनिक आयडी द्या आणि ‘पाठवा’ दाबल्यावर नोंद आधी एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे फोनमधल्याच छोट्या डेटाबेसमध्ये, साठवा. सर्व्हरवर त्या आयडीला युनिक बंधन घाला, म्हणजे एका आयडीची एकच नोंद राहील. तोच आयडी पुन्हा आला तर एरर न देता ‘मिळाली आहे’ एवढंच उत्तर जाऊ द्या. वेळ दोन्हीकडची नोंदवा, फोनचीही आणि सर्व्हरचीही. फोनच्या घड्याळावर एकट्यावर भरवसा नको.

साठलेल्या नोंदी मागच्या मागे सर्व्हरला जातील, असंही धरून चालू नका. अँड्रॉइडच्या वर्कमॅनेजरमध्ये (अॅप बंद असतानाही कामं चालवणारी सोय) ठरावीक वेळानं चालणारं काम १५ मिनिटांपेक्षा कमी अंतरानं लावता येत नाही, आणि काही फोनचं बॅटरी सेव्हर तेही थांबवतं. म्हणून स्क्रीनवर ‘३ नोंदी पाठवायच्या आहेत’ असं ठळक दिसू द्या, शेजारी बटण द्या.

तपासणी अशी करा: फोन फ्लाइट मोडवर टाका, दहा नोंदी भरा, अॅप जबरदस्तीनं बंद करा, फोन रीस्टार्ट करा, मग नेट चालू करा. सर्व्हरवर दहाच नोंदी यायला हव्यात. नऊही नको, अकराही नको.

मराठी आकड्यांचा सापळा

ही चूक ऑफिसात सापडतच नाही, कारण तिथं फोनची भाषा इंग्रजी असते. गावातल्या दूध संस्थेत सचिवाचा फोन मराठीत. म्हशीच्या दुधाची फॅट साडेसहा टाकली, की अॅप तो आकडा मजकुरात बदलताना फोनची भाषा बघतं आणि सर्व्हरला देवनागरीत ‘६.५’ पाठवतं. तारखेचंही तसंच. सर्व्हर नोंद नाकारतो, ते एकवेळ परवडलं. ‘आकडा ओळखता आला नाही म्हणजे शून्य’ धरणारा सर्व्हर असेल तर फॅट शून्य लागते आणि भांडण थेट बिलाच्या दिवशी पेटतं.

उपाय एका ओळीचा: सर्व्हरला जाणारा प्रत्येक आकडा आणि तारीख बनवताना लोकेल रूट (कुठल्याही भाषेशी न बांधलेली मांडणी) स्पष्ट लिहा, फोनची भाषा फक्त स्क्रीनवर दाखवायला वापरा. मराठी कीबोर्डवरून टाइप झालेले आकडेही साठवण्याआधी बदलून घ्या. आणि टेस्टिंगचा एक फोन कायम मराठीतच ठेवा.

ओटीपी येतो, पण आपोआप भरत नाही

टेस्टिंगमध्ये चालत होतं, प्ले स्टोअरवर टाकल्यावर बंद पडलं, अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा कारण एकच. परवानगी न मागता ओटीपी वाचण्यासाठी एसएमएसमध्ये ११ अक्षरांचा हॅश, म्हणजे अॅपची सांकेतिक ओळख, लागतो. तो अॅपच्या सहीच्या सर्टिफिकेटवरून ठरतो, आणि प्ले स्टोअर अॅपवर स्वतःजवळच्या चावीनं सही करतं. त्यामुळे हॅश प्ले कन्सोलमधल्या (प्ले स्टोअरचं अॅप बनवणाऱ्यांसाठीचं पान) सर्टिफिकेटवरून काढा. हॅश बदलला की एसएमएसचा मजकूरही बदलतो, पण नवा मजकूर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसची दूरसंचार कंपन्यांकडची नोंदणी) मंजूर करून घेतल्याशिवाय बदलू नका. टेम्पलेट जुळलं नाही तर एसएमएसच अडतो. मराठी एसएमएस ७० अक्षरांत बसवा, पुढे गेला की दोन एसएमएसचे पैसे.

खातं कंत्राटदाराच्या नावावर

अॅप बनवणाऱ्याच्या खात्यावर अॅप चढवलं आणि उद्या त्याच्याशी बिनसलं, तर अडकते संस्था. प्ले स्टोअरचं खातं संस्थेच्या नावानं काढा. त्याला डी-यू-एन-एस क्रमांक (संस्थेची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लागतो आणि तो मिळायला वेळ जातो, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात करा. नोंदणी एकदाच २५ डॉलर. अॅपलला दरवर्षी ९९ डॉलर. अपलोड की (नवी आवृत्ती चढवताना सही करायची चावी) आणि तिचा पासवर्ड संस्थेच्या ताब्यात ठेवा.

देखभालीचा करारही याच वेळी लिहा. ३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नव्या अॅपला आणि अपडेटला एपीआय पातळी ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, लक्ष्य ठेवणं बंधनकारक झालं. ही अट वर्षागणिक पुढे सरकते, काम एकदा करून सुटत नाही.

फक्त कर्मचाऱ्यांसाठीचं अॅप असेल तर ते मॅनेज्ड गूगल प्लेवर (संस्थांसाठीचं प्ले स्टोअर) खासगी म्हणून द्या. व्हॉट्सअॅपवर एपीके (अॅपची इन्स्टॉल फाइल) फिरवू नका. सही वेगळी असली की वरून इन्स्टॉल होत नाही, मग कुणीतरी जुनं अॅप काढून टाकतं आणि न पाठवलेल्या नोंदी त्याच्याबरोबर जातात.

हंगामाच्या तोंडावर रिलीज

गाळप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नवी आवृत्ती सोडणं म्हणजे विकतचं दुखणं. सुरुवातीला ५ टक्के फोनांना द्या, दोन दिवस क्रॅश बघा, मग २०, ५०, १००. प्ले स्टोअरवर वाटप थांबवता येतं, पण ज्यांच्याकडे नवी आवृत्ती गेली ती मागे घेता येत नाही. त्यांच्यासाठी वरच्या क्रमांकाची दुरुस्त आवृत्तीच सोडावी लागते. म्हणून नवं काम सर्व्हरवरून बंद करता येईल असं स्विच आधीच ठेवा.

सक्तीचं अपडेट लावणार असाल तर क्रम पाळा: आधी साठलेल्या नोंदी पाठवा, त्यांची पोच घ्या, मगच जुनं अॅप अडवा. अडवणारा स्क्रीन आधी आला, तर सकाळच्या संकलनाच्या नोंदी त्याच्या मागं अडकून पडतात आणि संस्थेसमोर किटल्यांची रांग लागते.