आई-बाबांसाठी निवास शोधताय? या चुका टाळा

'महिन्याला किती?' एवढं विचारून फोन ठेवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सांगितला जातो तो दर हिंडत्या-फिरत्या माणसाचा असतो. गोव्यात, फोंड्यातल्या आमच्या एका शेजाऱ्यांनी आईला असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे रोजच्या कामांना मदतीचं माणूस असलेल्या निवासात, ठेवलं, तेव्हा ती आंघोळ स्वतः करायची, पूजेची फुलं काढायची. पावसात पाय घसरला, खुबा मोडला. बांबोळीच्या इस्पितळात ऑपरेशन होऊन परतली आणि पुढच्या बिलात रात्रीची बाई, डायपर, फिजिओथेरपी, वर 'वाढीव शुश्रूषा'. रक्कम जवळजवळ दुप्पट. शेजारी भांडायला गेले, तर करारात वाक्य होतंच: देखभालीची श्रेणी व्यवस्थापन ठरवेल. खाली त्यांचीच सही.

म्हणून चालता-फिरता, आधाराने चालणारा आणि अंथरुणाला खिळलेला, अशा तिन्ही अवस्थांचे दर लेखी घ्या. श्रेणी बदलताना कोणत्या डॉक्टरचं मत लागेल, तेही लिहून घ्या. मी तर अंथरुणावरच्या एखाद्या रहिवाशाचं गेल्या महिन्याचं बिल, नाव झाकून, दाखवायला सांगते. का-कू केली की मी उठते.

ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीतला 'सिनियर लिव्हिंग'चा फ्लॅट म्हणजे देखभाल नव्हे. बाग, लिफ्ट मिळेल. आंघोळ घालणारं माणूस मिळेलच असं नाही.

मेडिक्लेम निवासाचं मासिक शुल्क देत नाही. सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड वर्षाला 5 लाखांपर्यंतचं, पण तेही इस्पितळात दाखल झाल्यावरच. ऐपत बेताची असेल तर प्रोवेदोरिया या गोवा सरकारच्या संस्थेच्या वृद्धाश्रमांची चौकशी आधी करा. त्यात कमीपणा कसला?

चवथीला परदेशातून यायचं आणि परतीच्या विमानाआधी आईची सोय 'उरकायची', हे पाहून मला खरंच वाईट वाटतं. ही घाई तुमच्या रजेची असते, राहायचं तिला असतं. महिनाभर तात्पुरतं राहू द्या. जागा डिसेंबरात नव्हे, जुलैच्या पावसात, संध्याकाळी सातला, न कळवता पाहा. वीज गेल्यावर जिन्यात उजेड राहतो का? भिंतींना ओल आहे? रात्री नर्स असते की फक्त राखणदार?

घर मुलांच्या नावावर करायचं असेल, तर सांभाळण्याची अट दानपत्रातच घाला. अट मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. तोंडी वचनावर ते सिद्ध करणं कठीण.

अनामत किती दिवसांत परत, कशाची वजावट, आणि माणूस गेल्यावर कुणाच्या हाती, हे सहीआधी विचारा.