आयएनजी बरोबर, पुढचं सगळं चूक : या चुका टाळा

‘आय ॲम वेटिंग यू ॲट पोवई नाका.’

या वाक्यात ‘ॲम’ जागेवर आहे, ‘वेट’ला लागलेलं आयएनजी जागेवर आहे, पोवई नाक्याआधीचा ‘ॲट’सुद्धा बरोबर आहे. घोळ आहे तो मधल्या एवढ्याशा फटीत. ‘वेटिंग’ आणि ‘यू’ यांच्यामध्ये ‘फॉर’ राहून गेला. साताऱ्यात मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलांना मी संध्याकाळी इंग्रजी शिकवतो. चालू वर्तमानकाळ त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी येतो, शाळेत तो घोटूनच घेतलेला असतो. अडतं ते त्याच्यापुढे, आयएनजीला सर्वनाम जोडताना. (या लेखात अवतरणचिन्हांत इंग्रजी वाक्यातलं ‘मी’ दिसलं, तर ते इंग्रजीतलं समजावं, म्हणजे आपलं ‘मला’. नाहीतर डोकं गरगरेल.)

मराठीत कोणाचा कोणाशी संबंध आहे, ते सर्वनामाला चिकटलेला प्रत्यय सांगतो : त्याला, त्याच्याशी, त्याचं, त्याच्यावर. इंग्रजीत ते काम कधी वेगळं शब्दयोगी अव्यय (फॉर, टू, ॲट वगैरे) करतं, तर कधी कोणीच करत नाही. आपण प्रत्ययाचं भाषांतर करत बसतो आणि तिथेच फसतो. ‘मी त्याला विचारतोय’ यातला ‘ला’ डोक्यात घोळत असतो, म्हणून ‘आय ॲम आस्किंग टू हिम’ तोंडातून निघतं. हवं नुसतं ‘आस्किंग हिम’. ‘टेलिंग टू मी’चंही तसंच, तिथेही ‘टू’ उडवायचा. ‘तिच्याशी लग्न करतोय’ यातला ‘शी’ म्हणजे ‘विथ’ असं वाटतं, पण इंग्रजीत माणूस ‘मॅरिइंग हर’ असतो, ‘मॅरिइंग विथ हर’ नाही. ‘डिस्कसिंग अबाउट इट’मधला ‘अबाउट’ तर इतका रुळलाय की तो चूक आहे असं सांगितलं की मुलं माझ्याकडेच संशयाने बघतात. तरी तो काढायचाच.

उलटंही होतं. ‘माझं ऐकत नाही’मध्ये ‘टू’ची चाहूलही नसते, पण इंग्रजीत ‘ही इज नॉट लिसनिंग टू मी’. ‘मला हसतायत’ म्हणजे ‘लाफिंग ॲट मी’. ‘सर मला समजावून सांगतायत’ याचं ‘एक्सप्लेनिंग मी’ होत नाही, ‘एक्सप्लेनिंग इट टू मी’ होतं. म्हणजे इथे ‘ला’चा खरोखरच ‘टू’ झाला! म्हणूनच ‘ला म्हणजे टू’ किंवा ‘ला म्हणजे काहीच नाही’ असा एकही नियम टिकत नाही. गावाला पोचतानाही तेच : ‘रीचिंग सातारा’, मध्ये काही नको. पण क्रियापद बदललं की ‘अरायव्हिंग इन सातारा’, आणि स्टँडवर पोचत असाल तर ‘अरायव्हिंग ॲट द स्टँड’.

यावर उपाय एकच. वहीत ‘वेट म्हणजे वाट पाहणे’ असं लिहू नका, ‘वेट फॉर समवन’ असं लिहा. क्रियापदाचा सोबती त्याच्याबरोबरच पाठ करा. मूळ रूप असो, भूतकाळ असो की आयएनजी, सोबती बदलत नाही.

इथवर मराठी आडवी आली. पण अव्ययानंतर क्रियापद येतं तेव्हा हीच मराठी मदतीला धावते, आणि वर्गात ते कोणी फारसं सांगत नाही. ‘जातो आधी’ असं आपण ‘जाण्याआधी’च्या अर्थाने कधी म्हणतो का? आधी ‘जाणे’ असं नाम करतो, मग ‘जाण्या-’ हे सामान्यरूप, मग ‘आधी’. इंग्रजीतही अव्ययाला नामासारखंच रूप लागतं, आणि ते म्हणजे आयएनजी : ‘बिफोर गोइंग’. ‘बिफोर टू गो’ नाही. ‘मला न सांगता’ म्हणजे ‘विदाउट टेलिंग मी’. ‘मला मदत केल्याबद्दल धन्यवाद’ म्हणजे ‘थँक यू फॉर हेल्पिंग मी’. शेवटी येणारं सर्वनाम हिम, हर, देम याच रूपात, ही, शी, दे नाही.

फक्त ‘साठी’ला भुलू नका. ‘कंदी पेढे घ्यायला साताऱ्याला आलो’ किंवा ‘घेण्यासाठी आलो’, काहीही म्हणा, इंग्रजीत ‘आय केम टू सातारा टू बाय कंदी पेढे’ असंच. ‘फॉर बायिंग’ तिथे खटकतं. एखादी वस्तू कशासाठी आहे हे सांगताना मात्र ‘फॉर’ चालतो : ‘धिस नाइफ इज फॉर कटिंग व्हेजिटेबल्स’.

आता ‘टू’. याच्याइतकं छळणारं दुसरं काही नाही. कोरेगावहून येणाऱ्या एका मुलीने नोकरीचा अर्ज मला मोबाइलवर दाखवला. बाकी अर्ज नीटनेटका, शेवटची ओळ ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’. विचारल्यावर म्हणाली, “सर, आधी मीटिंगच टाइप केलेलं. मग आठवलं, टू नंतर मूळ क्रियापद येतं, म्हणून आयएनजी खोडलं.” बरोबर लिहिलेलं तिने नियमाच्या धाकाने चूक केलं. शाळेतला तो नियम खोटा नाही, अर्धा आहे. इंग्रजीत ‘टू’ दोन आहेत : एक क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा, दुसरा खराखुरा शब्दयोगी अव्यय.

ते ओळखायला व्याकरणाचं पुस्तक उघडायची गरज नाही, एक सर्वनाम पुरतं. ‘टू’च्या पुढे ‘इट’ ठेवून बघा. ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट’ : वाक्य पुरं झालं, अर्थ लागला, म्हणजे हा अव्यय. पुढे क्रियापद आलं तर आयएनजी लावायचं : ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू’. ‘आय वाँट टू इट’ : हे लंगडतं, म्हणजे पुढे मूळ रूप, ‘टू मीट’. हीच कसोटी ‘यूज्ड टू’ला लावा. ‘आय ॲम यूज्ड टू इट’ जमतं, म्हणून ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’, लवकर उठायची सवय आहे. ‘आय यूज्ड टू इट’ जमत नाही, म्हणून ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’, पूर्वी लवकर उठायचो. दोन्हींची सरमिसळ केली, तर मुलाखत घेणाऱ्याला तुम्ही उठता की उठायचात हेच कळणार नाही.

‘माय’ की ‘मी’, यावर तर मोठ्या व्याकरणकारांचंही वाजलंय. ‘डू यू माइंड माय सिटिंग हिअर?’ म्हणायचं, की ‘मी सिटिंग’? इंग्रज कोशकार हेन्री फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या कोशात ‘मी सिटिंग’सारख्या रचनेवर कडाडून टीका केली. डेन्मार्कचे व्याकरणकार ऑटो येस्पर्सन यांना ती पटली नाही, ही रचना नामवंत इंग्रजी लेखकांत जुनीच आहे असं त्यांनी उदाहरणांनिशी दाखवलं. आज दोन्ही चालतात. बोलताना ‘मी’ म्हटलं तर कोणी अडवत नाही, पण औपचारिक पत्रात आणि स्पर्धा परीक्षेच्या पेपरात माझं मत ‘माय’च्या बाजूने. ‘आय सिटिंग’ मात्र कुठेच नको.

पाहणं-ऐकणं आलं की वेगळं. ‘त्याला अजिंक्यतारा चढताना पाहिलं’ म्हणजे ‘आय सॉ हिम क्लायम्बिंग अजिंक्यतारा’. इथे ‘हिज’ नको. आणि ‘त्याच्या उशिरा येण्याचा मला राग येतो’ म्हणजे ‘आय डोंट लाइक हिज कमिंग लेट’. मराठीकडे नीट लक्ष द्या : आपण ‘त्याला येताना’ म्हणतो तिथे ‘हिम’, ‘त्याचं येणं’ म्हणतो तिथे ‘हिज’. फाउलर न वाचताही हे कानाला कळतं.

पण एका ठिकाणी हाच कान दगा देतो. ‘एसटीत बसल्यावर अजिंक्यतारा फार छान दिसतो’, मराठीत कोणाला काही वाटणार नाही. ‘सिटिंग इन द एसटी, अजिंक्यतारा लुक्ड ब्यूटिफुल’ असं लिहिलं की अख्खा किल्ला तिकीट काढून एसटीत बसला! आयएनजीने वाक्य सुरू केलं, तर स्वल्पविरामानंतर लगेच ते काम करणारा आला पाहिजे : ‘सिटिंग इन द एसटी, आय सॉ अजिंक्यतारा’. ‘बीइंग अ हॉलिडे, द बँक वॉज क्लोज्ड’ ही चूक अर्जाविनंत्यांत फार दिसते. बँक म्हणजे सुट्टी नव्हे. ‘इट बीइंग अ हॉलिडे’ लिहा, किंवा सरळ ‘ॲज इट वॉज अ हॉलिडे’. मी यातलं दुसरं लिहायला सांगतो.

‘आय सॉ हर बायिंग पेढे विथ माय ब्रदर’ हे वाक्यही तपासून घ्या. भाऊ तिच्याबरोबर होता की तुमच्याबरोबर? घरात यावरून महाभारत होऊ शकतं. तुमच्याबरोबर असेल तर ‘माय ब्रदर अँड आय सॉ हर बायिंग पेढे’.

राहिली जोडक्रियापदं. फॅन बंद करताना ‘स्विचिंग ऑफ द फॅन’ आणि ‘स्विचिंग द फॅन ऑफ’ दोन्ही चालतं. फॅनच्या जागी सर्वनाम आलं की एकच : ‘स्विचिंग इट ऑफ’. ‘स्विचिंग ऑफ इट’ चूक. तसंच ‘पिकिंग हिम अप’, ‘थ्रोइंग इट अवे’. पण ‘लुकिंग आफ्टर हिम’ आणि ‘लुकिंग फॉर इट’ यांत सर्वनाम मध्ये घुसत नाही. ढोबळमानाने अप, ऑफ, आउट, अवे, बॅक हे सर्वनामाला आधी जागा देतात, आणि फॉर, ॲट, आफ्टर, विथ देत नाहीत. अपवाद अर्थातच आहेत. फॅनचा ‘ऑफ’ मागे सरकतो म्हणून एसटीचाही सरकेल असं समजू नका : राजवाड्याला गाडीतून उतरताना तुम्ही ‘गेटिंग ऑफ इट’ असता, ‘गेटिंग इट ऑफ’ नाही.