थायरॉईडची गाठ ‘पॅपिलरी’ म्हणण्याआधी या चुका टाळा

थायरॉईडच्या कर्करोगांत दहापैकी आठ तरी पॅपिलरी, म्हणजे बोटांसारख्या उंचवट्यांच्या (पॅपिलींच्या) प्रकारचे निघतात. सुईच्या तपासणीत पेशीच्या न्यूक्लियसवर (केंद्रकावर) खाचा दिसल्या, चार-दोन स्यूडोइन्क्लूजन (न्यूक्लियसमध्ये घुसलेल्या पेशीद्रवाचे गोळे) दिसले की रिपोर्ट जवळजवळ आपोआप लिहून होतो. बहुतेकदा तो बरोबरही असतो. पण उरलेल्यांत काही गाठी अशा असतात, की त्या दिसतात पॅपिलरीसारख्या किंवा फॉलिक्युलरसारख्या (थायरॉईडच्या फॉलिकल या सूक्ष्म पिशव्यांसारख्या रचनेच्या), आणि उपचार मात्र वेगळेच मागतात. मग कुणाची अख्खी ग्रंथी विनाकारण निघते, तर कुणाला उपयोग नसलेलं रेडिओआयोडिन (किरणोत्सर्गी आयोडीन) दिलं जातं. या गफलती बहुधा माहिती कमी पडल्यामुळे होत नाहीत. पहिली खूण जुळली की आपण तिथेच थांबतो, म्हणून होतात.

न्यूक्लियस पाहिले, आजूबाजूला पाहिलंच नाही

हायलिनायझिंग ट्रॅबेक्युलर ट्यूमर हे याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. पॅथॉलॉजिस्ट कार्नी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या गाठीचं नीट वर्णन केलं. ती जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते, पण तिच्यात खाचाही असतात आणि स्यूडोइन्क्लूजन तर पॅपिलरीपेक्षाही जास्त सापडतात. फरक दिसतो तो आजूबाजूला. पॅपिली नसतात, पेशी लांबट असतात आणि गुलाबी, काचेसारख्या पदार्थाच्या तुकड्याभोवती किरणांसारख्या पसरलेल्या दिसतात. पेशीद्रवात न्यूक्लियसजवळ फिकट पिवळे गोल कण दिसले तर संशय आणखी पक्का करा. सुईवरून अंतिम निदान करण्याचा हट्ट नको. रिपोर्टमध्ये ही शक्यता लिहिली, तरी सर्जन आधी निम्मी ग्रंथी काढून थांबण्याचा विचार करू शकतो.

शस्त्रक्रियेनंतर एमआयबी-१ हा डाग, म्हणजे अँटिबॉडीने पेशीतलं ठरावीक प्रथिन रंगवण्याची तपासणी, कामाला येतो. एरवी की-६७ या पेशीवाढीच्या प्रथिनाचा हा डाग न्यूक्लियसमध्ये दिसतो, या गाठीत तो पेशीच्या कडेवर उमटतो. पण त्यासाठी अँटिबॉडी एमआयबी-१ याच क्लोनची (वाणाची) हवी आणि डाग खोलीच्या तापमानाला झालेला हवा. ३७ अंशांवर चालणाऱ्या यंत्रात ही कडेची रेघ बऱ्याचदा गायब होते. म्हणजे गाठ तीच, पण यंत्र बदललं की उत्तर बदलतं! ‘कडेवर डाग नाही’ म्हणून ही शक्यता खोडण्याआधी डाग कसा केला हे लॅबला विचारा. शंका उरलीच तर पॅक्स-८ आणि ग्लिस-३ या जनुकांचं फ्यूजन (एकमेकांना जुळणं) शोधता येतं. ते या गाठीची ओळख असल्याचं २०१९ मध्ये पुढे आलं.

कॅल्सिटोनिन मागवायचं राहून गेलं

हाच काचेसारखा पदार्थ अमिलॉइड (साचलेलं प्रथिन) समजून मेड्युलरीचं, म्हणजे कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवणाऱ्या थायरॉईड पेशींच्या कर्करोगाचं, निदान झाल्याची उदाहरणं आहेत. उलटही घडतं, आणि ते जास्त महागात पडतं. मेड्युलरी कार्सिनोमा तर बहुरूपीच आहे. पेशी कधी प्लाझ्मा सेलसारख्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींसारख्या), कधी लांबट, कधी हर्थल पेशींसारख्या (थायरॉईडच्या मोठ्या, दाणेदार पेशींसारख्या), आणि स्यूडोइन्क्लूजन यातही असतात. अमिलॉइड प्रत्येक वेळी सापडेलच असं नाही. पेशी सुट्या-सुट्या पडल्या असतील आणि कोलॉइड (फॉलिकलमधला चिकट पदार्थ) नसेल, तर रक्तातलं कॅल्सिटोनिन करून घ्या. सुई धुतलेल्या पाण्यातही ते मोजता येतं.

इथे चुकलं तर प्रश्न फक्त रिपोर्टचा राहत नाही. साधारण पाव रुग्णांत हा आजार आनुवंशिक असतो आणि त्यांच्यापैकी काहींना फिओक्रोमोसायटोमाही (अॅड्रिनल ग्रंथीची, रक्तदाब वाढवणारी गाठ) असतो. तो न शोधता भूल दिली तर रक्तदाब टेबलावरच भडकू शकतो. या आनुवंशिक आजारामागच्या रेट जनुकाची तपासणीही प्रत्येक मेड्युलरी रुग्णाची व्हायला हवी, घरात कुणाला आजार असो वा नसो.

रूप न्यूरोएंडोक्राइन (संप्रेरकं बनवणाऱ्या, चेतापेशींसारख्या पेशींचं) आहे पण कॅल्सिटोनिन निगेटिव्ह आलं, तर दोन गोष्टी आठवा. थायरॉईडच्या आत दडलेली पॅराथायरॉईड गाठ, जी रक्तातलं कॅल्शियम आणि पीटीएच (पॅराथायरॉईडचं संप्रेरक) पाहिलं की उघडी पडते. आणि पॅरागँग्लिओमा (चेतासंस्थेशी जोडलेल्या पेशींची गाठ), ज्यात केरॅटिन या प्रथिनाचा डागही निगेटिव्ह येतो.

एकाच मार्करवर विसंबणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मार्कर म्हणजे पेशी कुठल्या हे सांगणारं, डागाने दिसणारं प्रथिन. टीटीएफ-१ हा मार्कर पॉझिटिव्ह, म्हणजे थायरॉईड? फुप्फुसाच्या अॅडेनोकार्सिनोमातही (ग्रंथीसारख्या पेशींच्या कर्करोगातही) तो पॉझिटिव्ह असतो. पॅक्स-८ पॉझिटिव्ह, म्हणजे थायरॉईड? मूत्रपिंडाच्या कर्करोगातही तो असतो. थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशी बनवतात ते प्रथिन) त्या मानाने भरवशाचं, पण तेही शेजारच्या निरोगी फॉलिकलमधून झिरपून गाठीच्या पेशींना रंगवतं. डाग गाठीच्या मधोमध आहे की फक्त कडेला, आणि अडकलेल्या फॉलिकलच्या आसपासच आहे का, हे पाहिल्याशिवाय ‘पॉझिटिव्ह’ लिहू नका.

मूत्रपिंडाचंच घ्या. फॉर्मवर एवढंच लिहिलेलं असतं: ‘उजव्या बाजूला एकच गाठ.’ स्लाइडवर पारदर्शक पेशी, मधून बारीक रक्तवाहिन्यांची जाळी, पोकळ्यांत रक्त. पॅक्स-८ पॉझिटिव्ह येतो आणि क्लिअर सेल फॉलिक्युलर गाठ असा रिपोर्ट जातो. टीटीएफ-१ आणि थायरोग्लोब्युलिन लावलं असतं तर दोन्ही निगेटिव्ह आले असते, सीए-९ हा मूत्रपिंडाच्या कर्करोगात दिसणारा मार्कर पॉझिटिव्ह आला असता. मूत्रपिंड काढून दहा-वीस वर्षं उलटल्यावरही हा कर्करोग थायरॉईडमध्ये डोकं वर काढू शकतो. एवढं जुनं दुखणं रुग्ण आपणहून सांगत नाही, त्याच्या लेखी ते कधीच संपलेलं असतं. म्हणून ‘पूर्वी कसली शस्त्रक्रिया झाली होती का?’ हा प्रश्न चार मार्करांपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचा आहे.

चेहरा पॅपिलरीचा, पण टीटीएफ-१ आणि थायरोग्लोब्युलिन दोन्ही निगेटिव्ह, असं दिसलं तर सिक्रेटरी कार्सिनोमाचा (लाळग्रंथीतल्या कर्करोगासारख्या दुर्मिळ प्रकाराचा) विचार करा. मॅमाग्लोबिन आणि एस-१०० हे मार्कर लावून पाहा. ईटीव्ही-६ आणि एनटीआरके-३ या जनुकांचं फ्यूजन सापडलं म्हणून मात्र लगेच हुरळून जाऊ नका. चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतरच्या पॅपिलरी कर्करोगांतही ते सापडलं आहे. औषधाच्या निवडीसाठी ते महत्त्वाचं, पण एकट्याच्या बळावर गाठीचं नाव ठरवत नाही.

झपाट्याने वाढली, म्हणून अनाप्लास्टिक

अनाप्लास्टिक म्हणजे थायरॉईडचा सगळ्यात आक्रमक कर्करोग. पण हाशिमोटोच्या (आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर हल्ला करते त्या आजाराच्या) जुन्या रुग्णाची मान काही आठवड्यांत फुगली तर लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) आधी डोक्यात यायला हवा. त्यावर केमो किंवा रेडिएशनने उपचार होतात, मोठी शस्त्रक्रिया बहुधा लागतच नाही. इथे कोअर बायोप्सी (जाड सुईने काढलेला तुकडा) घ्या. फ्लो सायटोमेट्रीसाठीचा (पेशी एकेक करून ओळखण्याच्या तपासणीसाठीचा) तुकडा ताजा पाठवा, फॉर्मेलिनमध्ये टाकला की ती तपासणी गेली.

ग्रंथीच्या खालच्या टोकाला स्क्वेमससारखी (त्वचेसारख्या चपट्या पेशींची) गाठ असेल तर सीडी-५ आणि सीडी-११७ हे मार्कर लावा. दोन्ही पॉझिटिव्ह आले तर ती थायरॉईडमधली थायमिक कार्सिनोमा (छातीतल्या थायमस ग्रंथीच्या कर्करोगासारखी गाठ) असू शकते. तिचे रुग्ण अनाप्लास्टिकच्या मानाने कितीतरी जास्त जगतात.

रिपोर्ट गळ्यापाशीच थांबवणं

क्रिब्रिफॉर्म-मोर्युलर कार्सिनोमा (चाळणीसारखी छिद्रं आणि पेशींचे गोळे दिसणारा कर्करोग) आधी पॅपिलरीचाच प्रकार मानला जायचा. २०२२ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो वेगळा काढला गेला. रुग्ण बहुधा तरुण स्त्री असते आणि बीटा-कॅटेनिन या प्रथिनाचा डाग न्यूक्लियसमध्ये उमटतो. मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप (कोंबासारख्या वाढी) होण्याचा आनुवंशिक आजार यामागे असू शकतो, आणि कधी कधी तो आधी थायरॉईडमधूनच कळतो. म्हणून रिपोर्टच्या शेवटी कोलोनोस्कोपी आणि जनुकीय सल्ल्याची शिफारस लिहा. ती नसेल तर रुग्ण टाके काढून घरी जातो आणि आतड्याकडे कुणी पाहतच नाही.

रुग्ण किंवा नातेवाईक म्हणून दुसरं मत घ्यायचं असेल, तर नुसता कागद नेऊ नका. लॅबकडून स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) मागून घ्या. जुन्या कुठल्याही गाठीचा रिपोर्ट असेल, मग ती शरीरात कुठेही असो, तोही सोबत द्या.