कासला निघालात? मग या चुका तरी करू नका

गणपती जवळ आले की मला फोन सुरू होतात, "अगं कास कधी?" गेली काही वर्षं मी दर सप्टेंबरात टेम्पो ट्रॅव्हलर ठरवून पुण्याहून पंधरा-सोळा जणांना साताऱ्याजवळच्या या फुलांच्या पठारावर घेऊन जाते, धंदा म्हणून नाही, हौस आहे म्हणून, आणि दर वर्षी लोक त्याच त्याच चुका करतात. काही मीही केल्यात, तेही सांगते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रील बघून तारीख ठरवणं. रील कधीचं, कुठल्या वर्षीचं, कुणी बघत नाही. फुलं काय आपल्या सुट्टीसाठी थांबत नाहीत हो. चवर सगळ्यात आधी, जुलै-ऑगस्टात. मग पांढऱ्या गेंदांचे ठिपके, गुलाबी तेरडा, निळी-जांभळी सीतेची आसवं. सोनकी सगळं पिवळं करून टाकते ती बहुतेक सप्टेंबर सरताना. त्यात पाऊस लांबला की सगळंच पुढे सरकतं. एका वर्षी एका बाईंनी टोपली कारवीचा फोटो दाखवून "मला हे जांभळं बघायचंय" असा हट्ट धरला, मी सांगितलं की ती सात वर्षांतून एकदा फुलते, तर म्हणाल्या, "बघू ना, नशीब असेल तर." नशीब कसलं! दिवसभर पालथ्या घातलेल्या टोपलीसारखी हिरवी झुडपं बघितली आणि परतीच्या वाटेवर खंबाटकीपर्यंत बाई गप्प.

माझी सवय सांगते. निघायच्या दोन दिवस आधी मी तिथल्या एका गाववाल्या गाइड दादांना फोन लावते. काय फुललंय, ऊन पडतंय का, धुकं किती, एवढंच विचारते. ते "पुढच्या आठवड्यात या ताई" म्हणाले की मी गाडी पुढं ढकलते, लोक कुरकुरतात, कुरकुरू देत.

उशिरा निघणं. आता माझीच फजिती ऐका. एकदा रविवार धरला, आत जायचा सकाळचा स्लॉट बुक होता. पाच वाजता निघायचं ठरलं, पण एक कुटुंब "आलोच आलोच" करत पावणेसातला उगवलं, हातात पोह्यांचा डबा, वर म्हणे "ट्रॅफिक नसतो हो रविवारी." नवले पुलालाच गाडी अडकली, मग खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे ट्रक, साताऱ्यात पोचायलाच साडेअकरा, पुढं बोगदा ओलांडून यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग. स्लॉट गेला. गेटवर विनवण्या करून आत सोडलं तेव्हा दीड वाजलेला, आणि वर असं धुकं की स्वतःचे बूट दिसेनात. एक पोरगं सारखं विचारत होतं, "मावशी, फुलं कुठायत?" गाइड दादा काही बोलले नाहीत, वाटेच्या कडेला उकिडवे बसले आणि बोट दाखवलं. कातळावर बोटभर पाण्याचा थर, त्यात नखाएवढी जांभळी फुलं, प्रत्येकावर पाण्याचा थेंब. म्हणाले, "हे झाड किडे खातं, मुळापाशी बारक्या पिशव्या असतात त्यात धरतं." पोरगं तिथून हलेना. मोठी माणसं मात्र "गालिचा कुठाय" करत पुढं गेली.

तर पुण्याहून पहाटे साडेचारला, आठवड्यातल्या मधल्या दिवशी. सातारा एकशेदहा किलोमीटर आणि पुढं पंचवीस, ऐकायला सोपं वाटतं म्हणून लोक फसतात. बुकिंग आधी ऑनलाइन करा. दिवसाला ३००० माणसांचीच मर्यादा आहे, "तिथं बघू" चालत नाही.

आता माझा डोकं तापणारा विषय, वाट सोडून फुलांत जाणं. कास म्हणजे जांभ्या कातळाचा सडा, म्हणजे उघडा सपाट माळ, वर माती काही ठिकाणी जेमतेम चार बोटं. मे महिन्यात जाऊन बघा, नुसतं तापलेलं वाळवंट. पावसाळ्याच्या चार महिन्यांत या टीचभर मातीत एवढं सगळं उगवतं, फुलतं, बी टाकून मोकळं होतं, ८५० च्या आसपास जातींची फुलझाडं नोंदलेली आहेत, आणि २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं ते काय उगाच? तुम्ही एक पाऊल आत टाकलंत की पाय उचलल्यावर तिथं पाणी साचून चिखल होतो, चिरडलेलं फूल बी टाकत नाही, म्हणजे पुढच्या वर्षीचंही गेलं. एकदा माझ्याच गाडीतले एक काका पांढऱ्या बुटांनी पाच पावलं आत गेले, "एकच फोटो." त्यांच्या मागे पाच मिनिटांत दुसऱ्या गाडीतली नऊ माणसं शिरली, कारण वाट पडलेली दिसली ना! तेव्हापासून गाडीत बसतानाच मी नियम सांगते, आत पाय टाकलेला दिसला तर परतीला पुढची सीट नाही. हसतात, पण पाळतात.

आणि मी प्रत्येकाकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते साधं भिंग देते. कवल्याच्या पिवळ्या फुलावर दोन लाल ठिपके असतात, भिंगातून बघितलं की डोळे वटारून बघतंय असं वाटतं, मुलं त्याला मिकी माऊसच म्हणतात. दवबिंदू नावाचं किडे खाणारं आणखी एक झाड आहे, त्याच्या पानांवरची चिकट टोकंही तशीच बघा. झूम करून फोटो काढायला लागलात की हे सगळं जातं.

बाकी किरकोळ. छत्री नको, वाऱ्यात उलटते, रेनकोट घ्या. घाटात उलट्या होणाऱ्यांनी पुढं बसा, मला आधी सांगा, लाजू नका. जीन्स भिजली की दिवसभर वाळत नाही. फूल तोडून केसात माळणारीला मी गाडीत घेत नाही, विषय संपला. गाइड घेताना "पैसे वाचवू, गुगल आहे ना" म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, ते तीन तासांत तेरडा बघून "छान छान" करून परत येतात. दोन जागा एका दिवसात कोंबू नका, कास आणि ठोसेघरचा धबधबा आणि वर बामणोलीचं बोटिंग असा प्लॅन करणाऱ्यांना एकाही ठिकाणी नीट बसता येत नाही.

आणि कंदी पेढे साताऱ्यात जातानाच घ्या, येताना दुकानापाशी गाडी लावायला जागा मिळत नाही.