तान्ह्या बाळाचं निरीक्षण: तासभर नुसतं बघायचं कसं

आई-वडील आणि तान्हं बाळ यांच्या मानसिक आरोग्याचं काम शिकायचं, तर सल्ला देणं बाजूला ठेवून आधी बघायला शिकावं लागतं. मनोविश्लेषक एस्थर बिक यांनी 1948 साली लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिक या मानसोपचार केंद्रात सुरू केलेलं शिशुनिरीक्षण त्यासाठीच आहे. आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, ठरल्या वेळी एक तास बाळाच्या घरी जायचं. बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत.

कुटुंब ओळखीतलं नको. बाळंतपणाआधीच दोघांना भेटा आणि मी शिकायला येतोय, तपासायला नाही, हे स्पष्ट सांगा. हे मोघम राहिलं की काही भेटींतच "वजन बरोबर आहे ना?" असे प्रश्न सुरू होतात आणि तुम्ही नकळत डॉक्टर होऊन बसता.

तिथे वही नको, मोबाइल नको. लिहायला मान खाली गेली की नेमकं तेवढंच निसटतं. नोंद त्याच दिवशी घरी, घडलं त्या क्रमाने लिहा. "बाळ चिडलं" हा निष्कर्ष झाला. "आईने चेहरा अगदी जवळ नेला, बाळाने मान वळवली, जांभई दिली, आईने पुन्हा हाक मारली, बाळाने मुठी आवळल्या, मग रडलं" ही नोंद. या क्रमातूनच दिसतं की मान वळवणं म्हणजे आई नकोशी होणं नव्हे. खेळ जरा जास्त झाला, म्हणून बाळाने उसंत घेतली. आई क्षणभर थांबली असती तर कदाचित ते आपणहून परत वळलं असतं. नुसतं "चिडलं" लिहिलंत तर हे सगळं हरवतं.

नवशिके हमखास बाळाची बाजू घेतात आणि मनातल्या मनात आईवर रागावतात. हा राग लपवू नका (तो येतोच). समासात वेगळा लिहा आणि सोबत शिकणाऱ्यांच्या गटचर्चेत नोंदीसोबत वाचून दाखवा. घरातला ताण कधीकधी आधी तुमच्या या रागातच सापडतो.

गप्प बसणं म्हणजे पुतळा होणं नव्हे. बाळ पलंगावरून घसरत असेल तर धरा. आई स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याबद्दल बोलली, तर पुढच्या गटचर्चेची वाट न बघता मार्गदर्शकाला लगेच कळवा.

पुढे प्रत्यक्ष कामात एडिनबर्ग प्रश्नावली वापराल, म्हणजे बाळंतपणानंतरच्या नैराश्याची शक्यता ओळखण्यासाठी आईने भरायची प्रश्नावली. तिच्यात 10 प्रश्न आणि 30 गुण असतात. ती निदान करत नाही, चाळणी लावते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर "कधीच नाही" सोडून दुसरं काहीही असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, आईशी त्याच भेटीत बोला.