उंच काच घेतली म्हणजे वारा कमी होत नाही: बाइकची विंडशील्ड कशी जुळवावी

लांब पल्ल्याची गाडी घेतली की पहिला सल्ला मिळतो, "मोठी काच बसवून घे." तो मानून मी दोन हिवाळे मान आखडवून घेतली. नव्वदच्या वेगात हेल्मेट असं थडथडायचं की लळिंगचा घाट उतरताना समोरचा रस्ताच हलताना दिसायचा. नीट दिसत नसेल तर हा आरामाचा प्रश्न राहत नाही, म्हणून तो अंगावर काढू नका.

आधी काच काढा. नवी घ्यायच्या आधी जुनी पूर्ण उतरवून गाडी चालवून बघा. मला हे धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या एका जुन्या मेकॅनिकनं सांगितलं: "भो, एक डाव काच काढी देख, मंग बोल." काच काढल्यावर वारा छातीवर जोरात दाबतो, पण डोकं हलायचं थांबलं तर दोष काचेचा. तरीही हललं तर आधी हेल्मेट बघा. पुढे छज्जा असलेलं असेल तर तो काढून पुन्हा फेरी मारा. अनेकांचं काम इथेच संपतं, एक रुपयाही न घालवता.

फेरी पहाटे मारा आणि वेग दरवेळी तोच ठेवा. साठवरून नव्वदवर गेलात तर वेग दीडपट होतो, पण वाऱ्याचा जोर सव्वादोनपट होतो, त्यामुळे वेगवेगळ्या वेगांच्या फेऱ्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. मी धुळ्याहून साक्रीकडे जाणारा सुरत महामार्ग वापरतो. त्या बाजूला ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. त्या जोरात फिरत असतील त्या दिवशी घरी परत या, कारण आडव्या वाऱ्यात काचेबद्दल काहीच कळत नाही. शांत दिवशीसुद्धा जाताना आणि येताना अशा दोन्ही फेऱ्या मोजा.

आता उंची. सगळी मेख इथे आहे. तापीला पाणी आलं की सावळद्याच्या पुलावरून खाली बघा. खांबाच्या समोर पाणी सरळ येतं, खांबामागे भोवरे फिरतात. काचेच्या वरच्या कडेवर वारा तसाच तुटतो. कडेच्या वरून जाणारा वारा स्वच्छ असतो, काचेमागे बऱ्यापैकी शांत जागा असते आणि या दोहोंच्या मधे भोवऱ्यांचा एक पट्टा असतो. तुमचं हेल्मेट नेमकं त्या पट्ट्यात आलं की ते थडथडतं. छोटी काच हा पट्टा खांद्यावर सोडते, तिथे तो फारसा जाणवत नाही. तीच काच चार बोटं उंच केली की पट्टा हनुवटीवर येतो. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं. जास्त पैसे देऊन मी भोवरे खांद्यावरून कानापर्यंत चढवले होते.

म्हणून आधी पट्टा कुठे आहे ते शोधा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर, दोन्ही हात हँडलवर ठेवून, पाठ ताठ करून चार बोटं उंच व्हा. मग नेहमीसारखे बसा, आणि मग मान न वाकवता कंबरेतून चार बोटं खाली या. उंच झाल्यावर आवाज मोकळा, एकसारखा झाला आणि हेल्मेट स्थिर झालं, तर तुम्हाला आखूड काच हवी. खाली आल्यावर शांत झालं, तर थोडी उंच काच किंवा कडेला लावायचा छोटा डिफ्लेक्टर (वारा वळवणारी पट्टी) चालेल. एका फेरीवर विश्वास ठेवू नका, तीनदा करा.

उंच आणि आखूड दोन्ही चालत असतील तर माझं मत ठाम आहे: आखूड घ्या. डोक्यावर स्वच्छ वारा लागला तर मान तासाभरात सरावते, भोवऱ्यांना ती कधीच सरावत नाही. काचेचं खरं काम छातीवरचा वारा अडवणं हे आहे. आपल्याकडच्या डिसेंबरच्या पहाटे जॅकेटमध्ये शिरणारी थंडी तेवढ्यानं थांबते. आणि काहीही झालं तरी काचेची वरची कड नाकाच्या वर जाऊ देऊ नका. रस्ता काचेवरून दिसला पाहिजे, काचेतून नाही. रात्री समोरून ट्रकचे दिवे आले आणि काचेवर धूळ, किडे आणि पावसाचे थेंब असले की काचेतून काय दिसतं, ते मी पारोळ्याच्या अलीकडे पाहिलं आहे. गाडी बाजूला घेऊन उभं राहावं लागलं होतं.

काचेखालची फट. याबद्दल कुणी बोलत नाही, आणि मला उत्तर इथेच सापडलं. काचेमागे हवेचा दाब कमी होतो. ती पोकळी भरायला हवा मागून आणि बाजूंनी आत ओढली जाते आणि पाठीवर ढकलल्यासारखं होतं. मी काचेच्या आतल्या बाजूला लोकरीचे लाल धागे टेपनं चिकटवले होते. ते मागे, माझ्याकडे वळतील असं वाटलं होतं. ऐंशीवर ते उभे राहिले आणि चक्क पुढे, हेडलाइटच्या दिशेनं झुकले. काचेमागे वारा उलटा फिरत होता.

मग बोल्टवर, काचेच्या मागे जाड वॉशर घालून काच पुढे सरकवली आणि खाली बोटभर फट ठेवली. खालून थोडी हवा आत यायला लागली, पोकळी भरली, धागे पडले. हेल्मेटची थडथड निम्म्याहून कमी झाली. दोन वर्षांत जे नव्या काचेनं जमलं नाही ते चार वॉशरनी जमलं. दोष काचेचा निघाला, तर बाकी काहीही करण्याआधी हा उपाय करून बघा.

कोन बदलता येत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, उंची आणि कोन एकदम नको.

फट ठेवूनही खालून, टाकीच्या दोन्ही बाजूंनी वारा वर येतोय असं वाटलं तर टाकीवर बॅग बांधून फेरी मारा. फरक पडला तर वारा फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) बाजूनं येतोय आणि तिथे छोटे डिफ्लेक्टर लावावे लागतील. त्यात काचेचा दोष नाही.

मागे कुणी बसणार असेल तर शेवटची फेरी त्यांना घेऊनच मारा. तुम्हाला चुकवून गेलेले भोवरे त्यांच्या तोंडावर आदळतात आणि बिचारे बोलत नाहीत. कन्नडचा घाट चढून उतरल्यावर त्यांना स्वतःहून विचारा. आणि कानात इअरप्लग दोघांनीही घाला. थडथड गेली तरी आवाज उरतो, आणि तो कानांना खातो.

बसवताना बोल्टवर थ्रेडलॉकचं (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावतात ते) औषध लावू नका, काचेच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकला त्यानं तडे जातात. रबराचे बुश वापरा आणि हातानं घट्ट होईल तेवढंच आवळा. पुसताना पेट्रोल किंवा थिनर अजिबात नको. किडे वाळले असतील तर ओलं सुती फडकं दहा मिनिटं काचेवर पसरून ठेवा, मग हलकेच ओढा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चारही बोल्ट एकदा हातानं तपासा.